लाखोडीचं पहिलं पाणी

“लाखोडीचं पहिलं पाणी पोटात जाऊ देऊ नये, बाई. रातभर भिजू घालायची, सकाळी ते पाणी फेकायचं. मंग एक उकळी काढायची, तेही फेकायचं. तिसऱ्या पाण्यात शिजते ती डाळ आपली. पहिले दोन पाणी तिच्या रागाचे.”

पुनाबाई मेश्राम हे बोलली तेव्हा तिच्या कडेवर मृण्मयीची लेक चैतू होती आणि दुसऱ्या हातात तांदूळ पाखडायचं सूप. मृण्मयी हसली होती. हिणवून नव्हे, नागपूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकून आलेल्या मुलीला गावातलं असं काही ऐकून हसू येतं, तेवढंच.

“मावशी, ही ती लाखोडी नाही. हिचा राग काढूनच पाठवलाय.”

“कोणं काढला?”

“शास्त्रज्ञांनी.”

“मंग ठीक आहे,” पुनाबाई म्हणाली आणि तिनं चैतूला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. “तुले ठाऊक. तू शिकली हायेस.”

एवढंच बोलणं झालं. नंतर त्या बोलण्यातला शब्दन् शब्द मृण्मयीनं शंभरदा आठवला, पण त्या दिवशी ती घड्याळ बघत होती. पंचायतीच्या ओट्यावर चाळीस बाया तिची वाट पाहत होत्या.

बेलटोला हे भंडारा जिल्ह्यातलं, तलावाच्या पाळीखाली वसलेलं तीनशे घरांचं गाव. धान कापायच्या पंधरा-वीस दिवस आधी, उभ्या पिकातच, ओल्या चिखलात लाखोडीचं बी फेकायची इथली जुनी रीत. तिला उतेरा म्हणत. नांगर नको, खत नको, वरून पाणी नको. धान कापून नेलं की खालून लाखोडी हिरवीगार वर आलेली असायची. उरल्यासुरल्या ओलीवर ती वाढायची, माणसांना डाळ द्यायची, बैलांना कुटार द्यायची आणि जाता जाता पुढच्या धानासाठी मातीत नत्र ठेवून जायची.

चैतूच्या जन्माआधी बारा-तेरा वर्षं मोठा व्यापार करार झाला आणि डाळींवरचा आयात कर शून्यावर आला. सातासमुद्रापलीकडून जहाजानं आलेली, बंदरात उतरलेली, रेल्वेनं नागपूरच्या कंटेनर डेपोत आलेली डाळ गावच्या दुकानात पोचूनही लाखोडी उपटण्याच्या मजुरीपेक्षा स्वस्त पडू लागली. मग उपटायची कोणी? पहिल्या वर्षी लोकांनी उभ्या लाखोडीत गुरं सोडली. दुसऱ्या वर्षी पेरलीच नाही. पाचव्या वर्षी पेरायला बी उरलं नाही. आणि पुढे तर रागाचं पाणी कोणतं आणि आपलं कोणतं, हे सांगणाऱ्या बायाही बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. कोणी जबरदस्ती केली नव्हती. परदेशी डाळ गरिबानंही पोटभर खाल्ली, हेही खोटं नाही. मृण्मयी स्वतः त्याच डाळीवर वाढली होती. तिचा नवरा प्रज्वल नागपूरच्या त्या डेपोतच नोकरीला होता. घर त्याच डाळीवर चालत होतं.

मग एकाच साली जगाच्या दोन टोकांना पाऊस रुसला. ज्या तीन देशांतून डाळ यायची, त्यांनी महिन्याभरात निर्यात बंद केली. करारात कर शून्य ठेवायचं वचन होतं. डाळ पाठवायचं वचन नव्हतं.

“आज बासष्ट कंटेनर उतरले,” प्रज्वल फोनवर सांगायचा. “एकातही डाळ नाही. मोबाइलची कव्हरं आली आहेत भरपूर. भिजू घालतेस का?”

अशा वेळी ‘निर्विष’ नावाची नवी लाखोडी आली.

लाखोडीच्या दाण्यात एक अमिनो आम्ल असतं. आपल्या मज्जापेशी ज्या रसायनातून एकमेकींना निरोप पाठवतात, त्याच्याशी ह्याचं रूप जुळतं. खरा निरोप्या दार वाजवतो, निरोप देतो आणि निघून जातो. हा तोतया मात्र दार वाजवतच राहतो. मेंदूपासून कण्यातून खाली उतरणाऱ्या लांबच लांब पेशी त्या माऱ्यानं आधी थकतात, मग मरतात. मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही. चार घास लाखोडी खाऊन काही होत नाही. पण घरात दुसरं काही नसताना तीच, दोन्ही वेळ, तीन-चार महिने खाल्ली तर माणसाचे पाय कायमचे ताठतात. हे आम्ल पाण्यात विरघळतं. जुन्या बायांना त्याचं नाव माहीत नव्हतं, पण वाट माहीत होती.

‘निर्विष’ वाणात हे आम्ल बनवणारा जनुक कात्री लावावी तसा कापून बंद केला होता. काम परदेशातल्या एका बियाणे कंपनीत झालं, चाचण्याही तिकडच्या शेतांत झाल्या. सात पिढ्या दाणे तपासले, आम्ल जवळजवळ शून्य. आणि त्याच करारात एक कलम होतं, की एका देशानं तपासून पास केलेलं बियाणं दुसऱ्या देशानं पुन्हा तपासत बसायचं नाही. त्यामुळे इथल्या चाचण्यांचे दोन हंगाम वाचले. डाळ नसलेल्या देशात दोन हंगाम म्हणजे काय, हे ज्याला समजतं तो त्या कलमाला नावं ठेवणार नाही. मृण्मयीनंही ठेवली नाहीत. उलट पहिल्या वर्षी बेलटोल्याच्या धानात पुन्हा उतेरा पडला, तेव्हा बांधावर उभी राहून तिनं चैतूला तो हिरवा रंग दाखवला होता.

मृण्मयी कापगते पोषण कार्यक्रमात सेविका होती. मार्चमध्ये पीक हाती आलं तेव्हा बायांना ती डाळ शिजवून दाखवायचं काम तिच्याकडे आलं. ओट्यावर गॅसची शेगडी, वर कुकर, हातात कार्यक्रमाचं छापील पत्रक, समोर बाया.

“बाई, हे खाऊन माह्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर येईन का?” सुगंधा राऊतनं पहिल्याच शिट्टीला विचारलं. सुगंधाचं तोंड गावात प्रसिद्ध होतं.

“डोक्याचं पत्रकात काही लिहिलं नाही, वहिनी.”

“मंग काय फायद्याची?”

हशा पिकला. म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी मागून पुटपुटलं, की लाखोडीनं पाय जातात. मृण्मयीनं पाटीवर दाण्याचं चित्र काढलं, जनुकावर फुली मारली. आणि मग पत्रकात नसलेलं एक वाक्य ती स्वतःच्या पदरचं बोलली. पत्रकात फक्त ‘इतर डाळींप्रमाणे शिजवा’ असं होतं. पण तलाव तळाला गेला होता, टँकर आठवड्यातून दोनदा येत होता, आणि शिजवलेल्या डाळीचं पाणी फेकलं की त्यातली जीवनसत्त्वं जातात, हे तर ती दुसऱ्या वर्षाला शिकली होती.

“आणि पाणी फेकायचं नाही हं. भिजवलेलं पाणी सगळं कुकरमध्येच. ताकद त्यातच असते.”

बायांनी माना डोलावल्या. चैतूला मांडीवर घेऊन मागे बसलेल्या पुनाबाईनंही डोलावली.

चैतूच्या वाटीत मात्र मृण्मयीनं ती डाळ घातली नाही.

तसं ठरवून काही नव्हतं. ‘थोडे दिवस जाऊ देत’ एवढंच तिनं स्वतःला सांगितलं. चैतू दोन वर्षांची होती आणि मृण्मयी त्या पोरीच्या बाबतीत एका पायावर उभी असायची. खोकला आला की छातीला कान लावायची, शी बघायची, नखं बघायची, झोपलेल्या लेकीचा श्वास मोजता मोजता स्वतः जागी राहायची. प्रज्वल नागपुरातून मूग आणायचा, सोन्याच्या भावाचे. ते चैतूचे. आणि सेविकेला दर महिन्याला निर्विषची पाच किलोची पिशवी मिळायची, ती मृण्मयी पुनाबाईला द्यायची.

देताना तिला बरं वाटायचं, हे खरं. पुनाबाई एकटी. नवऱ्यानं टाकल्याला वीस वर्षं झालेली, मूल नाही. सकाळी आठला यायची, मृण्मयी पाच गावं फिरून संध्याकाळी परत येईपर्यंत चैतू तिच्याजवळ. पूर्वी ती धानाच्या रोवणीला जायची, तळ्यात मासे धरायची. आता पाणीच नव्हतं तर मासे कुठले. मृण्मयीची पिशवी संपली की दुकानातही हीच डाळ सगळ्यात स्वस्त. लाखोडीचं वरण, लाखोडीची भाकर, लाखोडीचे वडे. एकदा तिनं चैतूसाठी एक वडा पदरात बांधून आणला. मृण्मयीनं तो हसत हसत स्वतःच खाऊन टाकला.

जूनमध्ये पुनाबाई म्हणाली, “रातच्याला पोटऱ्या धरतात वो बाई. गोळे येतात.”

“उन्हाचं असेल. मीठ-साखरेचं पाणी घेत जा, मावशी.”

जुलैत पाऊस लागला. पुनाबाईच्या हातात बांबूची काठी आली. “चिखल हाये,” ती म्हणाली. मृण्मयी पत्रकं पिशवीत भरत होती. तिनं काठीकडे पाहिलं, मग चैतूकडे. “हिला घेऊन घसरू नका म्हणजे झालं.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान लेकरांनी लाकडी बैल सजवून मारुतीच्या देवळापुढे आणायचे. चैतूचा बैल वीतभर उंच, चार चाकांचा, प्रज्वलनं स्वतः रंगवलेला. तो दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. लेकरांची रांग लागली, ढोल सुरू झाला आणि चैतू दोरी धरून निघाली.

“पाहा वो, कशी ठुमकते!” सुगंधा म्हणाली. “नाटकात घ्या हिले पुढच्या सालच्या.”

बाया हसल्या. प्रज्वल मोबाइलवर चित्रण करत हसला. मृण्मयी हसली नाही. चैतू चवड्यांवर चालत होती. टाचा वर, गुडघे एकमेकांना घासत, एका पायाला दुसरा ओलांडत, आणि प्रत्येक पावलाला कंबर जराशी झोकांडत. चार पावलं अशी, मग दोन सरळ, मग पुन्हा तशीच.

वडा तिनं स्वतः खाल्ला होता, लेकीला दिला नव्हता. की तिच्या पाठीमागे कोणी काही भरवलं?

“आजच जायचं,” ती प्रज्वलला म्हणाली.

“अगं, खेळतेय ती.”

“मी आई आहे तिची. मला कळतं.”

जिल्ह्याच्या ठिकाणी मज्जासंस्थेच्या डॉक्टर होत्या, रंजना सलामे. पन्नाशीच्या, केस आखूड कापलेल्या, मुलांशी गंभीरपणे बोलणाऱ्या. त्यांनी चैतूच्या गुडघ्यांवर छोटी हातोडी मारली, तळव्याला गुदगुली केली, तिला उचलून जमिनीवर उभं केलं, खाऊ दाखवून पळवलं. चैतू टाचा टेकवून धावत सुटली.

“हिच्या पायांत काहीही नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

मृण्मयीला रडू फुटलं. प्रज्वलनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“थांबा,” डॉक्टर म्हणाल्या. त्या अजून चैतूकडेच बघत होत्या. “चैतूबाई, मघाशी चाललात तसं चाला बरं पुन्हा.”

चैतूनं लगेच टाचा उचलल्या, गुडघे जुळवले आणि खोली ओलांडून दाखवली. अगदी मन लावून.

“असं कोण चालतं गं?”

“पुनाजी,” चैतू म्हणाली. पुनाबाईला ती तेच म्हणायची.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. “मुलं जे बघतात तेच करतात. मूल दिवसभर ज्याच्याकडे बघतं, त्याच्यासारखं चालायला शिकतं. ह्या पुनाजींना आधी आणायला हवं होतं तुम्ही. काय खातात त्या?”

मृण्मयीनं उत्तर दिलं. देता देताच तिला उत्तर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ती दारात उभी राहिली. गेल्या दोन वर्षांत पुनाबाई येताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दार वाजायचं, चैतू धावायची, मृण्मयी वेणी घालत असायची. आज तिनं बोळाच्या टोकापासून पाहिलं. पुनाबाई काठीवर दोन्ही हातांचा भार टाकून येत होती. पावलं चवड्यांवर पडत होती, जणू खाली निखारे आहेत. शंभर पावलांच्या बोळात ती तीनदा भिंतीला टेकली. आणि दाराशी आल्यावर, आत शिरण्याआधी, तिनं काठी बाहेर कोपऱ्यात ठेवली, पदर सारखा केला, चौकट धरली आणि हसून विचारलं,

“आज घरी? सुट्टी हाये का, बाई?”

त्याच दिवशी मृण्मयीनं तिला जिल्ह्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, यंत्रावर तपासलं, रक्त पाठवलं. घरातली डाळही पाठवली. मृण्मयी आणि पुनाबाई बाहेरच्या बाकावर बसल्या. प्रज्वल चैतूला घेऊन खाली गेला होता.

“मावशी, तुम्ही पाणी फेकत नव्हता?”

“तू सांगितलं नं, फेकू नको.”

“पण तुम्हाला तर माहीत होतं!”

“माहीत होतं म्हणून पहिले आठ दिवस फेकलं. मंग वाटलं, ही पोरगी आपलं लेकरू माह्यापाशी ठेवते, दिवसभर मागं वळून पाहात नाही. एवढा इस्वास ठेवते. अन् मी तिचं एक आयकू नाही?” पुनाबाईनं पायांवरून हात फिरवला, परक्याच्या पायांवरून फिरवावा तसा. “अन् चैतूले तू देत नव्हती ते म्या पाह्यलं.”

मृण्मयीनं मान वळवून जिन्याकडे पाहिलं.

“मले वाटलं, लेकराचं पोट नाजूक असते. म्हणून नसंन देत.”

ह्या वाक्यात मृण्मयीनं टोमणा शोधला. उलटून पालटून शोधला. टोमणा असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. पुनाबाई खरोखरच तसं समजून चालली होती. पाच महिने.

अहवाल आला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डाळीत ते आम्ल सापडलं, जुन्या लाखोडीत असायचं त्याहून जास्त. डॉक्टर सलामेंनी कागदावर आकृती काढून समजावलं. कंपनीनं एक वाट बंद केली होती. झाडाकडे दुसरी, आडवळणाची वाट होती, एरवी बंदच असणारी. ती उघडायला दोन गोष्टी लागतात: मुळांना तहान आणि मातीत जस्ताची कमतरता. तिकडच्या चाचण्यांची शेतं ओली होती, कसदार होती. इथं बारा-तेरा वर्षं उतेरा बंद, नुसतं धानावर धान आणि युरियावर युरिया. मातीतलं जस्त संपलेलं, आणि त्यातून दुष्काळ. तहानलेल्या झाडानं आपल्या बचावासाठी जे आम्ल लागतं ते पुन्हा बनवलं. झाडाची काही चूक नव्हती. इथल्या एका हंगामाच्या चाचणीत हे दिसलं असतं.

“पाय?” मृण्मयीनं विचारलं.

“डाळ बंद केली की आणखी बिघडणार नाही. गेलं ते परत येणार नाही.”

तिनं पोषण कार्यक्रमाच्या मुख्य कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस नम्र होता.

“मॅडम, वाणाला प्रमाणपत्र आहे.”

“ते इथल्या मातीत तपासून दिलेलं नाही.”

“मातीचा रकाना नाहीये हो त्यात. तुमचा संशय नोंदवायचा तर जिथं प्रमाणित झालं त्या देशाकडे पाठवावा लागतो. नव्वद दिवसांत उत्तर येतं.”

“नव्वद दिवसांत माणसाचे पाय जातात.”

“मी समजू शकतो, मॅडम,” तो म्हणाला. समजूही शकत असेल. “तोवर बाजारातून काढायला सांगितलं तर आपणच करार मोडला असं होतं.”

मग मृण्मयी स्वतःच निघाली. त्याच पाच गावांत, त्याच ओट्यांवर. ह्या वेळी कुकर नव्हता. पाणी फेका, दोनदा फेका, पहिलं आणि दुसरं. जमलं तर खाऊच नका, खाल्लीच तर एक वेळ, दुसऱ्या धान्यासोबत. कोणाच्या पोटऱ्या धरतात? कोण काठी घेऊन चालतं? पाच गावांत सतरा माणसं निघाली. सगळी एकटी राहणारी किंवा सगळ्यात शेवटी जेवणारी. ज्यांच्या घरी चार प्रकार शिजत होते त्यांना काही झालं नव्हतं.

बेलटोल्यात सुगंधा उठून उभी राहिली. ह्या खेपेला तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

“बाई, इस्वास ठेवायचा तं कोणत्या बाईवर? मार्चमधल्या, का आताच्या?”

मृण्मयीनं पाटीकडे पाहिलं. “आताच्या,” ती म्हणाली. “मार्चमधलीनं आपल्या लेकीला ही डाळ दिली नव्हती आणि तुम्हाला ते सांगितलं नव्हतं.”

मग एकेक बाई उठून निघून गेली. सुगंधा शेवटची गेली. जाण्याआधी तिनं मृण्मयीची पाटी पुसून भिंतीला लावून ठेवली.

प्रज्वलनं बदली मागितली, मिळाली नाही. “नोकरी सोड,” असं मृण्मयीनं त्याला म्हटलं नाही आणि “तुझी चूक नाही,” असं त्यानं तिला म्हटलं नाही. एकदाच तो म्हणाला, “बंदरं उघडली आहेत. पुढच्या महिन्यात डाळीचे कंटेनर येतील. स्वस्त होईल सगळं पुन्हा.” लोकांनी यंदा उतेरा टाकायचा नाही असं ठरवलं होतं. बरोबरच होतं. तरी मृण्मयीला त्या हिरव्या रंगाचं वाईट वाटलं.

पुनाबाई आता मूल सांभाळायला येत नव्हती. मृण्मयीच चैतूला घेऊन रोज तिच्याकडे जायची, भाजी-भाकरी द्यायची, पायांना तेल लावायची. पहिल्या दिवशी पुनाबाईनं पाय आखडून घ्यायचा प्रयत्न केला, पण ते आखडतच नव्हते.

दिवाळीच्या आधी एका दुपारी ती तेल लावून घेता घेता म्हणाली, “बाई, तू एवढी गावं हिंडली. माह्या बिसनले कोणं सांगितलं का?”

“कोण बिसन?”

“माहा भाऊ. लहान. बिसन वलथरे. त्याचं गाव तुह्या पाचांत येत नाही. पुलाच्या कामावर गेला मे महिन्यात, ठेकेदाराच्या माणसाइबरोबर. तू दिलेल्या पिशव्यांतल्या दोन त्याले बांधून देल्ल्या. बाहेरगावी काय खाईन, म्हटलं. त्याले लाखोडी लई आवडते.” तिनं पदरानं पायावरचं तेल टिपलं. “म्या त्याले बजावून सांगितलं, पाणी फेकजो नको. शिकलेल्या बाईनं सांगितलं हाये.”

बिसनचा फोन बंद होता. ठेकेदार म्हणाला, पूल झाला, टोळी फुटली, काही चंद्रपूरकडे गेले, काही नाशिकच्या बाजूला रस्त्याच्या कामावर. नावं कोण लिहून ठेवतं? प्रज्वलनं डेपोत येणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारलं. कोणाला काही माहीत नव्हतं. दहा किलो डाळ एकट्या माणसाला किती पुरते, हे मृण्मयीनं मनात काढून पाहिलं, आणि नंतर तीच स्वस्त पिशवी कुठल्याही दुकानात मिळते, हे आठवून हिशेब सोडून दिला.

त्या संध्याकाळी चैतू बाहेर सरळ पावलांनी मांजरामागे धावत होती. पुनाजीची चाल ती विसरली होती. मृण्मयीनं कार्यालयाच्या फॉर्मची मागची कोरी बाजू उलटली आणि लिहायला बसली. कोणाच्या नावानं लिहायचं ते तिला सुचेना. शेवटी नाव न घालताच तिनं सुरुवात केली, आणि लिहिलेलं जमेल तिथं छापायला, वाचायला, चिकटवायला पाठवलं.

“हे जो कोणी वाचत असेल त्याला. मी तुम्हाला ओळखत नाही. बिसन वलथरे नावाचा, चाळिशीचा, काळासावळा माणूस तुमच्या गावाजवळ रस्त्याच्या, पुलाच्या, बांधकामाच्या कामावर असू शकतो. उजव्या भुवईवर जुनी खोक आहे. तो भंडाऱ्याकडचं बोलतो, बोलता बोलता ‘जी’ म्हणतो. स्वतः शिजवून खातो, बहुतेक एकटाच. त्याला सांगा, लाखोडी बंद कर, तुझ्या बहिणीनं सांगितलंय. माझं नाव सांगू नका. पाय दुखतात का, असं विचारू नका; तो नाही म्हणेल, चिखल आहे म्हणेल. त्याला सपाट जागेवर दहा पावलं चालायला लावा. टाचा टेकत असतील तर तुम्ही वेळेवर पोचलात.

आणि तो बिसन नसला तर? तुमच्या कामावर, तुमच्या बोळात, तुमच्या घरात येणारं एखादं माणूस एकटं जेवत असेलच. तुमच्या दाराबाहेर काठी ठेवून ते हसत आत येत असेल. माझ्याकडे एक माणूस दोन वर्षं रोज येत होतं आणि मी फक्त माझ्या लेकीकडे बघत होते. तुम्ही आज जा. ते येताना बोळाच्या टोकापासून बघा.”